शीग

अक्रात सगळं सोपं होतं.
काचेची खोली, गार हवा, सव्वीस स्लाइडा,
आणि शेवटी सगळे म्हणाले, उत्तम, ईमेल करा.

कुमासीच्या रस्त्यावर गाडी चालवता चालवता
बाफी म्हणाला, "पहिल्या दिवशी वजनकाटा बाहेर काढू नकोस.
दुसऱ्याही दिवशी नको.
आणि तुला डावा हात आहे हे विसरून जा."

चवळीच्या ओळीची राणी, नाना द्वोमो,
पोत्यांच्या मधोमध बसली होती.
पायात रबरी सपाता,
मांडीवर हिशेबाची वही असेल म्हटलं, तर झोपलेला नातू.
उजवीकडून सुरुवात करून एकेकीचा हात हातात घेतला,
अकरा बायका, अकरा तळवे,
प्रत्येकीच्या बोटांना धान्याची कोरडी धूळ.
मग पाणी आलं. प्यायलो.
मग तिनं विचारलं, मला नाही, बाफीला,
मी समोर हातभर अंतरावर असताना:
"इथं सगळं क्षेम आहे. तुम्ही काय काम काढलंत?"
मी तोंड उघडलं.
बाफीनं माझ्या बुटावर बूट ठेवला.
"भेटायला आलोय," तो म्हणाला.

शनिवारी तिच्या चुलत दिराच्या अंत्यविधीला गेलो.
काळा सदरा बाफीचा, बाह्या मला आखूड.
प्लास्टिकच्या खुर्च्या पार रस्त्यापर्यंत,
आणि कर्णे असे, की रडणाऱ्यालाही ओरडून रडावं लागावं.
टेबलापाशी पैसे दिले, रीतसर पावती मिळाली,
माइकवरून माझं नाव तीनदा चुकलं,
तिन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या.
मुख्यालयाचा मेसेज: आठवड्याची प्रगती?
मी लिहिलं, एका अनोळखी माणसाला पोचवून आलो.
खोडलं.

मंगळवारी तिनंच काटा मागवला.

ओलोन्का म्हणजे पत्र्याचा डबा, बुडाशी चेपलेला.
तिच्या मुलीनं तो काठोकाठ भरला,
मग काठाच्या वर, दोन्ही तळव्यांचा आडोसा करून,
शेवटचा दाणा घरंगळेपर्यंत.
माझ्या भाषेत याला शीग म्हणतात.
बारा वर्षं वजनकाटे विकतोय,
हा शब्द कधी लागलाच नव्हता.

दोन किलो सातशे चाळीस, काटा म्हणाला.
नाना द्वोमोनं आणखी एक मूठ टाकली.
दोन आठशे नव्वद.
"यातलं विकलं किती आणि दिलं किती,
हे तुझं यंत्र सांगतं?"
बाफीला ते दोनदा सांगावं लागलं.
पहिल्यांदा मला वाटलं, त्याचंच भाषांतर चुकलं.

"नाही," मी म्हणालो.

ती हसली, नातू जागा होईल इतकी.
दोन काटे घेतले, घासाघीस न करता,
उत्तरेकडचे ट्रक उतरतात तिथं ठेवायला.
"घेताना डोळे लागतात," म्हणाली, "देताना हात पुरतो."

नोटा मोजून दिल्या.
हात मात्र तसाच पुढे राहिला, उजवा, उघडा.
मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे.
बाफी खाकरला.
बॅगेत चाचपलं: माहितीपत्रकं, चार्जर, अर्धा बिस्किटपुडा,
आणि तळाशी चार बॅटऱ्या.
एक एक करून तिच्या तळव्यावर ठेवल्या.
चौथी ठेवली तेव्हा मूठ मिटली.

हिशेबखात्याचं पत्र कालच आलंय:
दोन काटे, पैसे जमा.
चार बॅटऱ्या कुठल्या सदरात?