सातवी चौकट

वॉल्विस बेला पाऊस जवळजवळ पडतच नाही.
गावामागे वाळूच्या टेकड्या, पुढे समुद्राचं धुकं,
छत्री ही इथे उन्हात वापरायची वस्तू.
पण कारखान्याची फरशी
मी एकोणीस वर्षांत एकदाही कोरडी पाहिली नाही.

हेक मासा सोलायच्या टेबलांखालून
बर्फाचं पाणी, खवले, पित्ताचा हिरवट ओघळ
असं सगळं गटाराच्या जाळीकडे निघालेलं असतं
आणि क्वचितच पोचतं.
आम्ही बायका पाय उचलत नाही, सरकवतो.
नवी मुलगी आली की आधी चालायला शिकवतो,
सुरी नंतर.

पेनेहाफोला मीच शिकवलं होतं.

गुरुवारी पहाटे पावणेचारला
भरलेला ट्रे घेऊन ती वळली.
तिचा आवाज फार झाला नाही,
ट्रेचा झाला.
पट्टा चालूच होता. तिच्या जागी मासे साचले,
मग एकेक करून घसरू लागले तिच्याच अंगावर,
आणि ती उताणी, मनगट भलतीकडे वळलेलं,
म्हणत होती, मेमे तायमी, आधी मासे उचला,
वजन कमी भरेल.

आज सुपरवायझरने मला ऑफिसात बसवलंय.
गालिचा आहे इथे.
फॉर्मला अकरा चौकटी. नाव, वय, शिफ्ट, कुठलं हाड.
बुटाचा नंबर कुठेच विचारलेला नाही.
सहाचे बूट मार्चपासून संपलेत,
ती आठचे घालायची, पुढे मोजे कोंबून.

सातवी चौकट : कारण.
तिथे त्याने आधीच लिहून ठेवलंय, निष्काळजीपणा.
कोणाचा, ते नाही.
खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी.

तर ऐका.
धुण्याचा पाइप त्या वाटेत मीच टाकला होता.
तो टांगायचा हूक तुटलाय, दोनदा सांगून झालं,
तिसऱ्यांदा सांगायचा मला कंटाळा आला,
आणि त्या रात्री पाइप तसाच सोडून मी लघवीला पळाले,
कारण त्याला पाचच मिनिटं मिळतात.

मी त्याच्या शब्दाच्या अलीकडे, अरुंद जागेत,
माझं नाव लिहिलं.
मग पलीकडे हूक लिहिला. मग बूट. मग पाच मिनिटं.
अक्षरं आठव्या चौकटीत शिरली.

तो म्हणाला, खराब केलास. दुसरा आणतो.

आणायला गेलाय.
मी बसून आहे.
गालिच्यावर माझ्या बुटांभोवती
दोन ओले डाग हळूहळू मोठे होतायत.