दोरी

मांडीचं हाड मोडलं म्हणून जावयानं पुण्याहून डबा पाठवला.
वाटीएवढा, काळा, बोलणारा.
"आता उठायचं नाही, मामा. नुसतं सांगायचं."
पंखा, दिवा, बातम्या, सगळं तोंडावर.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "लाइट घालीव."
माफ करा, मला समजलं नाही.
"आरं, दिवा मालव की."
माफ करा.
नात म्हणाली, आजोबा, पुस्तकातलं बोला.
मग गळा साफ केला,
शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखा सरळ झालो,
"कृपया दिवा बंद कर."
बंद झाला.
अंधारात कळेना,
हुकूम कुणी कुणाला सोडला.

मालन पदर तोंडाला लावून हसली.
"चाळीस वर्षं तुमच्या शब्दानं
ह्या घरात एक पातेलं हललं न्हाई.
आता पंखा फिरतोय म्हंजे बघा."

मी केएमटीचा कंडक्टर. बिल्ला चारशे सतरा.
गंगावेश ते कसबा बावडा.
छताखालून दोरी जायची,
मागच्या दारापासून थेट ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत.
एक घंटी, थांब. दोन, चल.
एवढीच भाषा, आणि तिच्यात कृपया नव्हतं.
साठ माणसं, पिशवीतल्या दोन कोंबड्या,
शाहूपुरीतनं चढलेली गुळाची ढेप,
सगळं माझ्या एका बोटाला बांधलेलं.
पावसाळ्यात दोरी फुगायची, हाताला ओशट लागायची,
तरी सोडवत नसे.

ड्रायव्हर दस्तगीर मुजावर. बोलायचा कमी.
घंटी दिली की उजवा हात स्टिअरिंगवरून
बोटभर उचलायचा.
ऐकलं, एवढंच.

एकदा बावड्यात म्हाई होती. गाडी खच्चून.
दिवसभर दोरी ओढली. थांबली, सुटली, थांबली.
गर्दीत घंटी तशीही ऐकू यायची नाही.
रात्री डेपोत बघतो तर
दोरीचं पुढचं टोक सुटून लोंबतंय.
सकाळपासूनच सुटलं असणार.
"आन् मग तू थांबत कसा हुतास?"
दस्तगीर बशीत चहा ओतत होता.
"आरशात तुझा हात दिसत हुता की," म्हणाला
आणि बशी तोंडाला लावली.

त्या रात्री सायकल रंकाळ्यावरनं
हातात धरून चालवत नेली.
का, ते अजून सांगता येत नाही.

दस्तगीर गेला त्याला सहा वर्षं झाली.
गाड्यांना आता दोरी नसते.
डबा मात्र रोज विचारतो,
आणखी काही मदत करू का?
काय सांगायचं त्याला?
ऐकतो, पण हात उचलत नाही.
बोलून झाल्यावर मी उगाच
त्याच्या निळ्या ठिपक्याकडं बघत राहतो.

परवा रात्री खोली गुऱ्हाळाच्या काहिलीसारखी तापलेली.
झोपेत पुस्तक कुठलं आठवायला?
"जरा वारं वाढीव की," म्हटलं.
पंखा वाढला.
म्हटलं, शिकला गडी आपलं बोलणं.
"एवढं न्हवं. एक कमी."
कमी झाला.

डोळा अंधाराला सरावला तेव्हा दिसलं,
डब्याची वायर टेबलावरून खाली लोंबतेय,
तिच्या जागेवर मालनचा मोबाईल चार्जिंगला.
निळा ठिपका नाही.
भिंतीपाशी सावली.
रेग्युलेटरवरून हात खाली येताना
बांगडी वाजली,
एकदाच.

मी बघितलंच नाही असं केलं.
डब्याकडं तोंड करून म्हटलं,
"झोप आता तूबी."

"हूं," उत्तर आलं,
खालच्या अंथरुणावरनं.