अकरावा दिवस

बस आंब्याखाली उभी. बोनेटवर कोंबड्या,
टायरला टेकून कुणी हाडांची नावं पाठ करतंय.
मी वायसन, ड्रायव्हर. पगार चालू आहे,
त्याचीच लाज वाटते.

मझुझूच्या पंपावर कॅनची रांग;
आमचा पिवळा कॅन सत्तरावा.
त्याच्या राखणीला रात्रभर प्राचार्यबाई बसल्या,
चितेंजे पांघरून, मोबाइलच्या उजेडात पेपर तपासत.

लांबच्या मुली ग्रंथालयात झोपतात.
एनेलेसी मक्याची न्सिमा जरा सैल ढवळते,
सैल असली की चार ताटं जास्त होतात.
कुणी काही बोलत नाही.

मी पाचला निघतो. चालत.
तेच थांबे: गिरणी, चर्च, तुटका पूल.
पुलाशी टावोंगा, एका पायानं अधू;
तिला सायकलच्या कॅरिअरवर घेतो.
सायकल गणिताच्या सरांची,
सर मागून दप्तरं घेऊन येतात, अजून शिकवतच.

निघताना सवयीनं मान वळते माझी:
"चढले का सगळे?"
धुळीत उभी पोरं ओरडतात, "चढलो!"

फाटकावरचा पहारेकरी वहीत लिहितो:
बस आली. सहा पन्नास.
डिझेलचा रकाना
रिकामा सोडतो.