डबा : चौथा आराखडा

सोहार बंदरात, क्रेनच्या केबिनमध्ये,
जमिनीपासून बेचाळीस मीटर वर
बशीर मुकादम आठ तास बसतो.
खाली यायला एकशे नव्वद पायऱ्या,
आणि त्याच्या पोटाला आता
वेळकाळ कळत नाही.

ऑपरेशन मस्कतला झालं.
आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे बाहेर काढलं,
त्यावर चिकटवली पिशवी.
सिस्टर म्हणाली, ह्याला स्टोमा म्हणतात.
बशीर म्हणाला, तोंड म्हणा की.
पोटासाठी दर्या ओलांडला,
शेवटी पोटालाच तोंड फुटलं.

मी शिरोली एमआयडीसीतला डायमेकर.
इथं दह्याच्या डब्यांचे साचे घासतो.
खोलीत सहा खाटा, त्याची खिडकीशी, माझी दाराशी.
एका रात्री अंधारातून आवाज आला :
तू डबे बनवतोस ना?
बस, एवढंच.
सहा वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली
पहिली गोष्ट.

आमच्या गावी पहाटे ओढ्याकडे न्यायचा तो डबा,
डालड्याचा, कडेला गंजलेला;
आणि दुपारी शाळेत उघडायचा तोही डबाच.
भाषेला कधी लाज वाटली नाही.
माझाच हात अडखळत होता कागदावर.

पहिला मी पारदर्शक केला, सवयीनं.
त्यानं उजेडात धरला, परत दिला.
दह्याला ठीक आहे, म्हणाला.

दुसऱ्याचं झाकण टक्कन लागायचं.
त्या आवाजाचा मला कोण अभिमान!
रात्री दोनला बशीरनं तो लावला
आणि चार खाटांवर चौघांनी कूस बदलली.
कुणी काही बोललं नाही.
तेच वाईट.

तिसरा थर्माससारखा. फाटकावरचा बलुची म्हणाला,
एक घोट आम्हालाही दे की रे.
बशीर वर जाऊन इतका हसला
की फोरमननं वॉकीटॉकीवर विचारलं, काय झालं.
मग जुलै आला. केबिनच्या काचेआड झाकण फुगलं,
आटे धरेनात.
त्या संध्याकाळी तो दुसऱ्याच शर्टात परतला,
साबणाचा वास जरा जास्तच येत होता.
जेवायला बसला नाही.

तेव्हा मी एक पिशवी मागून घेतली,
तिच्यात भाताची पेज भरली,
डाव्या हातात पिशवीचं शेपूट, उजव्यात झाकण,
एसी बंद करून स्टुलावर बसलो.
तीनदा पेज माझ्या पायांवर सांडली.
कोमट, चिकट, बोटांच्या बेचक्यांत.
मी डबा बनवत होतो ते आजवर
दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसासाठी.

चौथ्याचं झाकण अंगठ्यानं सरकतं, बोलत नाही.
आत कुकरची रिंग कापून बसवली आहे,
टोपणात कोळशाची पुडी.
तळाला बाळाच्या लंगोटातली ती पावडर,
तिच्यामुळे पातळ थिजतं,
शिडी उतरताना डचमळत नाही.
रिंग अजून कोपऱ्यात सुटते. सुटते तर सुटते,
पाचवा आहेच.

काल लिलिकुट्टी सिस्टरनं बशीरकडे निरोप दिला :
आणखी तिघं आहेत.
एक सहममधली मुलगी, आठ वर्षांची, शाळेत जाते.
तिला निळा नको आहे,
आणि आजारी माणसाचा वाटेल असा तर नकोच.
दप्तरात, वहीच्या मागे मावायला हवा.

आराखड्याच्या कोपऱ्यात नावाची चौकट असते.
चारही वेळा मी ती कोरी सोडली.
बशीर खाटेवरून म्हणतो,
लिही की डबा, लाजतोस कसला?
लिहितो, मी म्हणतो, पण आधी सिस्टरला सांग,
त्या पोरीची वीत मोजून पाठव.
मोठ्या माणसाची चालणार नाही.