खरखर

गोदेर्झीने टेप आणून दिली. अठ्ठ्याण्णव सालची.
डबीवर बॉलपेननं लिहिलेलं: वडील, जेवणाच्या टेबलाशी.
"आवाज तेवढा साफ कर," म्हणाला,
"मध्येमध्ये तेल तापल्यासारखं काय चरचरतं?"

काय चरचरतं ते मला ठाऊक आहे.
ओनी गावातली वीस वर्षांची लग्नं
आणि मेलेल्यांची चाळिसाव्याची जेवणं
मीच शूट केलीत.
त्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याला आवाजाचं बटणच नव्हतं.
आत एक घाबरट कारकून बसवलेला.
कुणी मोठ्यानं बोललं की दार ओढून घ्यायचा,
कुणी गप्प झालं की दार सताड उघडून
रस्त्यावरचा सगळा धुरळा घरात.
त्याच्या हिशेबी शांतता म्हणजे
आपल्याच कामातली चूक.

आणि इरोदी तर पेला हातात धरून गप्प राहणारा माणूस.
"जे गेले, त्यांच्या नावानं," म्हणतो
आणि थांबतो.
उभे राहिलेले अठराजण थांबतात.
खरखर चढत जाते,
टेपची मोटर, अंगणातला जनरेटर,
कुणाचं तरी चोंदलेलं नाक.
मग सगळे एकदम: "देव त्यांना क्षमा करो!"
कारकून दचकून दार आपटतो,
देव दारात चेंगरतो,
ऐकू येते नुसती क्षमा.

तेव्हा विचारलं असतंस, गोदेर्झी,
तर एका चॅनलवर बारीक शिट्टी वाजत ठेवली असती.
एकसुरी. कारकून तिच्यातच गुंतला असता,
दुसऱ्या चॅनलची कडी त्यानं हलवली नसती.
शिट्टी काय, नंतर कापून टाकता येते.

आता उरलं फक्त पुसणं.
खरखरीचा नमुना घ्यायचा, तेवढीच वजा करायची.
जास्त पुसलं की इरोदी
नदीच्या तळातून बोलायला लागतो.
थोडं पुसायचं, ऐकायचं. थोडं पुसायचं.

रात्री दीडला, सातव्या शांततेत,
खरखर अगदी टिपेला असताना
तिच्या बुडाशी, दोन भिंतींपलीकडून, एक बाई:
"लोबिओत मीठ जास्त झालंय गं. बटाटा टाक."

त्सियुरी.
अख्ख्या टेपमध्ये ती एकदाच दिसते,
तीही कोपरापर्यंत, पावाच्या टोपलीमागे.
पुढच्या मार्चमध्ये गेली.
इरोदीच्या भाषणांच्या तीन टेपा आहेत त्या घरात.
हिचं हे मीठ.

कारकुना, मी तुला काय काय म्हणालो होतो.

बाकीचं सगळं घासूनपुसून दिलं.
तेवढे चार सेकंद तसेच ठेवले,
चरचरीसकट.

गुरुवारी गोदेर्झीचा फोन आला.
"ऐकलं," म्हणाला. पुढे काहीच नाही.
हल्लीचे फोन फार सुधारलेत,
माणूस गप्प झाला की
त्याच्या मागची खोलीसुद्धा कापून टाकतात.
श्वास नाही, खुर्ची नाही, काहीच नाही.
मी आपला विचारत राहिलो,
"आहेस ना?
गोदेर्झी, आहेस ना?"