मिश्र वापर

नकाशात घर पिवळं असतं, दुकान निळं,
कारखाना जांभळा.
दोन-तीन एकत्र नांदत असतील तर तिरक्या रेघा मारायच्या,
हे गायखे साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
रेघांमधलं अंतर सारखं ठेव, म्हणाले,
माणसांमधलं राहत नाही, नकाशातलं तरी राहू दे.

द्वारकेच्या अलीकडे, जुना ट्रक अड्डा.
बावीस एकर आणि काही गुंठे.
ट्रक केव्हाच आडगावला गेले,
मागे राहिले ताडपत्री शिवणारे, टायर घासणारे,
हौद्यांवर कमळं रंगवणारे.
मी टेपचं एक टोक धरून खोली खोली मोजत होते.
खाली पंक्चरची भट्टी, वर बाळंतीण,
मध्ये जिन्यावर धुरी आणि वाळत घातलेली लंगोटी.
फॉर्मवर विचारलं होतं: वापर कोणता?
खूण एकाच चौकोनात करायची.

सुमन पगारेंनी मला गच्चीवर नेलं.
ते बघा, बसस्टॉप.
कंडक्टर दिसत होता,
त्याच्या हातातलं अर्धं सोललेलं केळंही दिसत होतं.
आणि जायला वीस मिनिटं,
कारण मध्ये गोदामाची भिंत,
भिंतीमागे नाला, नाल्यामागे दुसऱ्या कुणाची तरी भिंत.
माझी पोरगी रोज पळते, म्हणाल्या,
आणि रोज बसचा मागचा दिवाच बघून येते.
बाग नंतर करा. आधी हे करा.

नऊ मीटरचा रस्ता. कागदावर तीन वाटा निघत होत्या,
तिन्ही वाकड्या, तिन्ही कुणाला तरी सांभाळून.

हमीद मन्यार पाट्या रंगवायचे.
चाळीस वर्षं ‘हॉर्न’मधल्या न ला जागा पुरवत आलेला माणूस.
माझ्या खांद्यावरून नकाशात डोकावून म्हणाले,
सरळ का नाही मारत?
मग सुताला नीळ लावली,
एक टोक पोराच्या हाती देऊन त्याला पत्र्यांवरून, भिंतीवरून पाठवलं,
दुसरं पगारेंच्या पायरीशी स्वतः धरलं.
टण्ण.
निळी रेघ त्यांच्याच दुकानातून गेली,
डब्यांवरून, स्टोव्हवरून,
मागच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या जून महिन्यावरून.
मी गप्प.
ते म्हणाले, आता बोला. मला कुठे देता?
कोपऱ्याचं पाहिजे. आणि कागदावर.

कागद माझ्या हातात नव्हता.
तरी मी म्हणाले, कोपऱ्याचं.

पाच वर्षं गेली, त्यातली दोन कोर्टात.
आता तिथे सात मजले आहेत,
खाली दवाखाना, झेरॉक्स, द्राक्षं विकणारी हातगाडी,
वर वाळत घातलेले कपडे,
पहिल्या मजल्यावर शिकवणी, आणि शिकवणीच्या दारात चपलांचा ढीग.
लिफ्ट बहुतेक दिवस चालते.
पिठाची गिरणी नियमात बसली नाही, आवाज होतो म्हणून,
तेव्हा बायका दळणाचे डबे घेऊन त्याच नव्या बसने
भद्रकालीला जातात,
आणि कंडक्टर डब्याचंही तिकीट मागतो.
साहेबांनी सादरीकरणात याला जोडणी म्हटलं.

कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे.
हमीदभाईंना मिळालं तिसरं.
त्यांनी मला कधी विचारलं नाही.
मोबाइलवाल्याला भाडं देऊन
त्याच्या बाजूच्या भिंतीवर पिवळ्यावर निळ्यात लिहिलंय,
छाया देऊन, जुन्या ट्रकच्या अक्षरात:
हमीद पेंटर.
कोपऱ्यापासून तिसरं.
कोपऱ्याचं ठरलं होतं.

अक्षरांमधलं अंतर अगदी सारखं.

मी अधूनमधून घरी जाताना मुद्दाम त्या बसने जाते,
खिडकीतून ती पाटी वाचते, पूर्ण.
परवा स्टॉपवर बस उभी होती, ड्रायव्हर चहाला उतरलेला,
घाई कुणालाच नव्हती,
आणि नऊ मीटरच्या त्या सरळ रस्त्यावरून
पगारेंची पोरगी ओल्या केसांनी, डबा छातीशी धरून
जीव तोडून पळत येत होती.