कारण : झिजलेले

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आणला त्याला,
मागच्या दारानं, हात पुढे बांधलेले.
ग्रिम्झबीच्या गोदीवरचं धुकं
त्याच्या मागोमाग आत आलं.
पण वास धुक्याचा नव्हता.
ओकच्या भुशाचा धूर, आणि मासा.

कॉन्स्टेबल डेनिसन पाठ केल्यासारखा बोलला :
कुठे, किती वाजता, कशासाठी.
बंद पडलेल्या धुरीघराचं कुलूप तोडलं,
आत शिरून भट्टी पेटवली.
चोरलं काय?
डेनिसननं वही उलटीसुलटी केली.
काही नाही, म्हणाला.

नाव? क्लेमंट स्टॅमर्स.
वय? एकसष्ट.
तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही, हे सांगून झालं होतं.
त्यानं ते मनावर घेतलेलं दिसत होतं.

औषधं? रक्तदाबाची.
कधी स्वतःला इजा केलीय? नाही.
आत्ता करावीशी वाटते?
हा प्रश्न मी रात्रीतून वीसदा विचारते,
सुटे आहेत का विचारावं तसा.
तो म्हणाला, आत्ता नाही.
मी ‘नाही’ लिहिलं.
मग खोडलं, आणि लिहिलं : आत्ता नाही.

चष्मा एक, दांडी चिकटपट्टीनं बांधलेली.
तीन पौंड चाळीस.
काड्यापेटी, आत दोन काड्या.
सुरीला धार लावायचा दगड,
मधोमध इतका खोल
की मी त्यात अंगठा ठेवून पाहिला.
कंबरेचा पट्टा.
बुटाच्या नाड्या त्यानं स्वतः काढून दिल्या,
मला ती गाठ सुटेना.

कुणाला कळवायचंय?
बराच वेळ गेला. मग एक नंबर सांगितला, न अडखळता.
मी ओळखला तो.
माझी आई त्याच नंबरावर आजारपण कळवायची,
पॅकिंगच्या खात्यात होती तेव्हा.
धुरीघराचं ऑफिस.

नियम असा आहे की कळवायचं.
मी फोन लावला.
ती बेल कुठे वाजत असेल ते मला दिसत होतं :
लोखंडी कपाटं नेलेली, भिंतीवर चौकोन राहिलेले,
आणि आज रात्रीपुरती थोडी ऊब.
अकरा वेळा वाजू दिली.
नोंद केली : उत्तर नाही.
त्यानं मान हलवली,
जणू एवढंच विचारायचं होतं त्याला.

मग ठसे.
आता शाई नसते. काच असते, खालून हिरवा उजेड.
उजवा अंगठा. यंत्र म्हणालं, पुन्हा.
पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. पुन्हा.
तर्जनी, मधलं, सगळी. कोरी.
तळहातावर रेघा होत्या, हव्या तेवढ्या,
नशीब वाचणाऱ्याला पुरून उरतील अशा.
बोटांवर मात्र काहीच नाही,
दूध आटून गेलेल्या भांड्याचा तळ.

बेचाळीस वर्षं हॅडॉक कापला, तो म्हणाला.
बर्फ, पाणी, मीठ.
ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं म्हणतात.
इथे मिठानंच माणूस खाल्ला होता, टोकांकडून सुरुवात करून,
आणि जागा मात्र हाच राहिला होता.

पडद्यावर यादी आली. ठसा न मिळण्याचं कारण निवडा :
बोट नाही. जखम. नकार दिला. झिजलेले.
दहा वेळा निवडावं लागलं,
प्रत्येक बोटाला वेगळं.

सकाळी सहाला वकील येणार होता.
बूट कोठडीच्या दाराबाहेर ठेवले,
जिभा बाहेर लोंबत होत्या.
झडपेतून पाहिलं तर तो झोपला नव्हता.
हात मांडीवर, तळवे वर,
कुणी काहीतरी त्यांत ठेवणार असल्यासारखे.

का पेटवली, हे मी विचारायचं नसतं.
माझ्या फॉर्मवर तो रकाना नाही.

काच पुसायला घेतली, पुढच्यासाठी.
दहा तेलकट, धुरकट डाग होते तिच्यावर,
यंत्राला न दिसलेले.
फडकं नाकाशी नेलं मी.
कॅमेऱ्यात आलं असेल ते.

मागचं दार वाजलं. पुढचा आला होता,
दारू प्यालेला, गात.